जगातला पहिला चॅटबॉट ज्यानं बनवला, तोच म्हणाला की याला डॉक्टर करू नका

रात्रीचे दोन वाजलेत. झोप येत नाही, छातीत धडधड होतेय. घरच्यांना उठवावं तर ते घाबरतील, मित्राला मेसेज टाकावा तर उद्या सगळ्या ग्रुपला कळेल. मग आजकाल बरेच जण काय करतात, तर फोनवर एखादा चॅटबॉट उघडतात आणि सगळं त्यालाच सांगून मोकळे होतात. समोरून समजूतदार उत्तर येतं. बरं वाटतं.

हे सगळं २०२२ साली चॅटजीपीटी आल्यावर सुरू झालं असं आपण धरून चालतो. पण ही गोष्ट त्याहून साठेक वर्षं जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं कॉम्प्युटरला मनाच्या डॉक्टरचं सोंग दिलं होतं. लोक त्या सोंगापुढे मन मोकळं करायला लागले. मानसोपचारतज्ज्ञ म्हणायला लागले की माणसं कमी पडतायत, तेव्हा मनोरुग्णालयांत हेच बसवून टाकू. हे पाहून सगळ्यात जास्त कोण हादरलं असेल, तर ते यंत्र बनवणारा माणूस. पुढची चाळीस वर्षं तो त्याविरोधात बोलत राहिला.

त्या माणसाचं नाव जोसेफ वायझेनबॉम.

८ जानेवारी १९२३ रोजी बर्लिनमध्ये एका ज्यू घरात त्याचा जन्म झाला. वडिलांचा फरच्या कपड्यांचा धंदा होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं. हिटलर सत्तेवर आला तेव्हा पोरगा दहा वर्षांचा होता. ज्यू मुलांना जर्मन शाळांतून बाहेर काढायला सुरुवात झाली, तसा जोसेफही ज्यू मुलांच्या वेगळ्या शाळेत गेला. तिथं त्याची दोस्ती झाली पूर्व युरोपातून आलेल्या एका गरीब ज्यू मुलाशी. बर्लिनचे सुखवस्तू ज्यू या पूर्वेकडच्या ज्यूंना कमी लेखायचे, त्यामुळे ही दोस्ती वडिलांना खपली नाही. म्हणजे ज्यांना अख्खा देश हाकलून द्यायला निघाला होता, त्यांच्यातही वरचे आणि खालचे होतेच.

१९३६ साली कुटुंबानं जर्मनी सोडली आणि अमेरिकेत डेट्रॉइट गाठलं. जोसेफला इंग्रजी येत नव्हतं. शाळेत इतर सगळ्या विषयांत तोंड बंद, पण गणिताला भाषा लागत नाही. तो गणितात रमला तो असा. १९४१ साली वेन युनिव्हर्सिटीत गणित शिकायला गेला आणि लगेच युद्धानं त्याला ओढलं. लष्करात गुप्त संदेश फोडायच्या कामाला जायची त्याची इच्छा होती, पण जन्म जर्मनीतला. कागदोपत्री तो शत्रूराष्ट्राचा नागरिक ठरला. हिटलरपासून पळून आलेल्या ज्यू पोराला हिटलरच्याच देशाचा माणूस म्हणून ते काम नाकारलं गेलं आणि हवामान विभागात पाठवलं गेलं.

युद्ध संपल्यावर पदवी झाली. तेव्हा कॉम्प्युटर दुकानात मिळत नव्हते, युनिव्हर्सिट्या स्वतःच जुळणी करून बनवायच्या. वेन युनिव्हर्सिटीतल्या अशाच एका यंत्रावर वायझेनबॉम यांनी हात साफ केला. पुढे १९५०च्या दशकात ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीत गेले. तिथं बँक ऑफ अमेरिकासाठी चेक वाचून हिशेब करणारी यंत्रणा बनत होती, त्या टीममध्ये ते होते. आपल्या चेकबुकात प्रत्येक चेकच्या तळाशी जे विचित्र आकाराचे आकडे दिसतात ना, चुंबकीय शाईचे, ते याच काळातल्या कामातून बँकांमध्ये रुळले.

या बँकेच्या कामाकडे ते नंतर वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. ते पुढे येईलच.

१९६३ साली ते एमआयटीत आले. एमआयटीत तेव्हा एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले अनेक टाइपरायटर अशी व्यवस्था नव्यानं आली होती. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली माणसं एकाच वेळी त्या यंत्राशी टाइप करून बोलू शकत होती. पैसा बराचसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता. यंत्राशी टाइप करून बोलायचंच आहे, तर मग ते आपल्या रोजच्या भाषेत का नको, असं वायझेनबॉम यांच्या डोक्यात आलं.

त्यांनी प्रोग्रॅम लिहिला आणि नाव ठेवलं एलायझा. हे नाव आलं बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियन नाटकातून. आपल्याकडे पुलंनी याच नाटकावरून ती फुलराणी लिहिलं, त्यातली भक्ती बर्वेंची मंजुळा म्हणजे शॉची एलायझा. फुलं विकणारी पोरगी, जिला एक प्रोफेसर शुद्ध बोलायला शिकवतो आणि मग ती मोठ्या लोकांत खपून जाते. नाव अगदी चपखल होतं. यंत्रही बोलायलाच शिकणार होतं. समजायला नाही.

एलायझाला बोलण्यासाठी एखादी भूमिका द्यावी लागायची. त्यातली सगळ्यात गाजलेली भूमिका होती डॉक्टर, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. हीच का निवडली, याचं कारण साधं आहे. कार्ल रॉजर्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत डॉक्टर स्वतः फार बोलत नाही, रुग्णाचंच वाक्य प्रश्न बनवून त्याला परत देतो. अशा डॉक्टरला जगाची काहीही माहिती नसली तरी चालून जातं. तुम्ही समुद्राबद्दल बोललात आणि त्यानं समुद्राबद्दल आणखी सांगा म्हटलं, तर त्याला समुद्र माहीत नाही अशी शंका तुम्हाला येत नाही. त्याच्या प्रश्नात काहीतरी हेतू असणार, असं तुम्हीच गृहीत धरता.

आतली यंत्रणा एखाद्या हुशार कारकुनासारखी होती. वाक्यात ठरावीक शब्द शोधायचा. आई, वडील, बहीण असा शब्द दिसला की घरच्यांबद्दल आणखी विचारायचं. वाक्यातलं माझं बदलून तुमचं करायचं आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावायचं. ओळखीचा एकही शब्द सापडला नाही तर पुढे सांगा अशा अर्थाचं काहीतरी ठेवून द्यायचं, किंवा मघाशी माणूस जे माझं म्हणून बोलला होता ते उकरून काढायचं. बस. दुःख म्हणजे काय, आई म्हणजे काय, यातलं काहीही यंत्राला कळत नव्हतं. वायझेनबॉम यांनी ते कधी लपवलंही नाही. जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी लेख छापला आणि त्यात सगळी युक्ती उघड करून टाकली. जादूगार जादू समजावून सांगतो तशी. जादू कशी होते ते कळलं की तिची भुरळ उतरते, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब साफ चुकला.

पहिला धक्का त्यांच्याच ऑफिसात बसला. त्यांची सेक्रेटरी कित्येक महिने त्यांना हा प्रोग्रॅम लिहिताना पाहत होती, हे नुसतं यंत्र आहे हे तिला पक्कं माहीत होतं. एकदा ती एलायझाशी बोलायला बसली. दोनचार वाक्यं झाली असतील, तोच तिनं वायझेनबॉम यांना खोलीतून बाहेर जायला सांगितलं. तिला खाजगी बोलायचं होतं.

दुसरा किस्सा आजच्या काळात जास्त महत्त्वाचा आहे. लोक एलायझाशी काय बोलतात ते रात्रभर साठवून ठेवावं आणि नंतर तपासावं, असा विचार वायझेनबॉम यांनी बोलून दाखवला. एका संशोधकाच्या दृष्टीनं ही अगदी सरळ गोष्ट होती. पण लोक भडकले. आमच्या मनातलं चोरून ऐकणार का, असा आरोप त्यांच्यावर झाला. यंत्राला काही कळत नाही हे माहीत असूनही माणसं त्याच्यापुढे डॉक्टरपुढे बोलावं तसं बोलत होती, आणि डॉक्टरकडून असते तीच गुप्ततेची अपेक्षा धरून होती. फरक एवढाच की डॉक्टरवर गुप्तता पाळायचं बंधन असतं. यंत्रावर कुठलंच नव्हतं, आणि ते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही नव्हतं. आज आपण ज्या ॲपमध्ये मनातलं लिहितो त्याच्या अटी किती जण वाचतात, हा प्रश्न इथं पडायला हरकत नाही.

पण त्यांना खरा घाम फुटला तो डॉक्टरांमुळे.

स्टॅनफर्डमध्ये केनेथ कोल्बी नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. वायझेनबॉम आणि त्यांची जुनी ओळख, यंत्राशी संवाद या विषयावर दोघांचं बोलणंही झालेलं. पुढे श्रेयावरून दोघांचं फाटलं. कोल्बींनीही १९६६ सालीच आपल्या सहकाऱ्यांसोबत असाच एक प्रोग्रॅम मांडला आणि त्याचा उपयोग कुठं होईल तेही लिहिलं. जिथं उपचार करणारी माणसं कमी पडतात अशी मनोरुग्णालयं आणि केंद्रं त्यांच्या डोळ्यांपुढे होती. एक कॉम्प्युटर तासाला कित्येक शे रुग्ण हाताळू शकेल असा त्यांचा अंदाज होता. डॉक्टरची नोकरी जाणार नाही, उलट एका वेळी एकच रुग्ण ही त्याची अडचण सुटेल, असंही ते म्हणत होते.

कोल्बी खलनायक नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. ज्या रुग्णाला सहा सहा महिने कोणी विचारत नाही, त्याला यंत्रानं तरी विचारावं, यात गैर काय? सरकारी आरोग्यव्यवस्थेत एआय आणण्याचा आजचा सगळ्यात जोरदार युक्तिवाद शब्द बदलून तोच आहे. डॉक्टर नाहीत, मग निदान हे तरी. आणि हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही.

नंतर प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही तसंच चित्र रंगवलं. टेलिफोन बूथसारख्या खोल्या असतील, थोडे डॉलर टाकले की आत एक शांत, लक्ष देऊन ऐकणारा यांत्रिक डॉक्टर भेटेल. दरम्यान कोल्बींनी पॅरी नावाचा दुसरा प्रोग्रॅम बनवला होता, तो संशयानं पछाडलेल्या रुग्णाची नक्कल करायचा. १९७२ साली पॅरी आणि डॉक्टर यांची गाठ नेटवर्कवरून घालून दिली गेली. रुग्णही यंत्र, डॉक्टरही यंत्र, आणि संवाद चालू. आजच्या भाषेत सांगायचं तर मीम मटेरियल.

वायझेनबॉम यांना मात्र हसू येत नव्हतं. उपचार म्हणजे काय हे त्यांनी स्वतः खुर्चीच्या पलीकडच्या बाजूनं पाहिलं होतं. पहिलं लग्न मोडलं, त्या वाईट काळात ते मनोविश्लेषकाकडे जात होते. रुग्ण म्हणून डॉक्टरसमोर बसणं त्यांना माहीत होतं. जो डॉक्टर हे काम यंत्राला देता येईल असं समजतो, तो स्वतःच्या रुग्णाकडे नेमका काय म्हणून बघत असेल, या प्रश्नानं त्यांना झोप लागू दिली नाही. कोल्बींच्या लेखी डॉक्टर म्हणजे माहिती घेऊन ठरावीक नियमांनी निर्णय देणारा. मग रुग्ण म्हणजे काय, माहितीचा गठ्ठा?

१९७२ ते १९७४ या काळात एमआयटीतून रजा घेऊन त्यांनी आधी स्टॅनफर्ड आणि मग हार्वर्डला बसून लिहिलं. १९७६ साली पुस्तक आलं, कॉम्प्युटर पॉवर अँड ह्युमन रीझन. पुस्तकाचं म्हणणं असं की कॉम्प्युटरला एखादं काम जमेल की नाही यावर भांडत बसू नका, कारण उद्या जमेलही. काही कामं जमत असली तरी त्याला देऊ नयेत. न्यायाधीशाचं काम आणि मनाच्या डॉक्टरचं काम ही त्यांची उदाहरणं. हिशेब करणं एक आणि निर्णयाची जबाबदारी अंगावर घेणं दुसरं. डॉक्टर चुकला तर त्याला जाब विचारता येतो, त्याला स्वतःलाही ती चूक बोचते. यंत्राच्या बाबतीत जाब कोणाला विचारणार? ते बनवणारा वापरणाऱ्याकडे बोट दाखवेल, वापरणारा यंत्राकडे. शिवाय मोठे प्रोग्रॅम इतके गुंतागुंतीचे होत चाललेत की ते नेमके कसे वागतात हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं. १९७६ साली.

आणि इथं तो बँकेचा मुद्दा येतो. वायझेनबॉम यांचं एक निरीक्षण फारसं चर्चेत येत नाही, पण सरकारी आरोग्यसेवेसाठी तेच सगळ्यात कामाचं आहे. एखादी व्यवस्था वाढत्या कामाखाली मोडायला आली की तिच्यापुढे दोन रस्ते असतात. व्यवस्था मुळातून बदलायची, किंवा यंत्र आणून आहे तेच जास्त वेगानं रेटायचं. कॉम्प्युटर नेमका वेळेवर आला आणि त्यानं जुन्या व्यवस्था वाचवल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्वतः बँकेसाठी काम केलं तेव्हा टीमच्या मनात तांत्रिक प्रश्न सोडून दुसरा विचारच नव्हता, हे त्यांनी मान्य केलं. आता हीच गोष्ट दवाखान्याला लावून बघा. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत म्हणून यंत्र आणलं. यंत्र आल्यावर रांग हलली. रांग हलली म्हटल्यावर जागा भरायची घाई कोणाला राहील? आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत तो तर खाजगी डॉक्टरकडे जाणारच. यंत्र वाट्याला येणार सरकारी रांगेतल्या माणसाच्या.

पुस्तकावर टीकाही जोरात झाली. आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा शब्दच ज्यांच्या नावावर आहे ते जॉन मॅकार्थी तर तुटून पडले. पुस्तक विस्कळीत आहे, विज्ञानाऐवजी नीतीचे डोस पाजतंय, असा त्यांचा सूर होता. टीकेत अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. वायझेनबॉम यांचा स्वर कधी कधी प्रवचनाकडे झुकायचा, आणि यंत्रानं खरंच रुग्ण बरे झाले तर काय, या प्रश्नाला त्यांचं उत्तर पुराव्याचं नव्हतं, तत्त्वाचं होतं. एमआयटीत ते हळूहळू एकटे पडले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनावर ते उघड बोलायचे, त्यामुळे नाराजांची संख्या आणखी वाढली. १९८८ साली निवृत्त झाले. कोल्बीही आपल्या मतावर ठाम राहिले. त्यांनी पुढे नैराश्यावर एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम काढला, तो अमेरिकेच्या नौदलापर्यंत पोचला.

१९९६ साली वायझेनबॉम बर्लिनला परतले. ज्या शहरानं तेराव्या वर्षी बाहेर काढलं, तिथंच, लहानपणच्या घराच्या आसपास राहायला लागले. जर्मनीत त्यांना ऐकायला सभागृहं भरायची. ५ मार्च २००८ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी बर्लिनजवळ त्यांचं निधन झालं. बर्लिनमध्ये आता त्यांच्या नावानं संशोधन संस्था आहे. २०२१ साली एमआयटीच्या कागदपत्रांच्या खोक्यांत एलायझाचा मूळ कोड सापडला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अभ्यासकांनी तो पुन्हा चालवूनही दाखवला.

त्यांनी मांडलेली भीती मात्र कागदात राहिली नाही. २०२३ साली अमेरिकेत खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशननं आपली माणसांनी चालवलेली हेल्पलाइन बंद करायची ठरवली. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच युनियन केली होती. उरला टेसा नावाचा चॅटबॉट. तो उपाशी राहण्याच्या आजाराशी झगडणाऱ्या लोकांना वजन कमी करायचे सल्ले देतोय असं उघड झालं, आणि मे महिन्याच्या अखेरीस तोही बंद करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं कायदाच केला. अपॉइंटमेंट, नोंदी अशा कामांना एआय चालेल, पण उपचार आणि उपचाराचे निर्णय परवानाधारक माणसानंच करायचे.

आपल्याकडे काय परिस्थिती आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. दर लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा नाही, ०.७५ आहे. गरज निदान तिघांची आहे. कोल्बींचा युक्तिवाद लागू पडायला याहून सुपीक जमीन कुठली? आयसीएमआरनं मार्च २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. रुग्णाची संमती, माहितीची गुप्तता, जबाबदारी कोणाची आणि यंत्रावर माणसाची देखरेख, हे सगळं त्यात आहे. पण ती तत्त्वं आहेत, इलिनॉयसारखा कायदा नाही.

त्याच्या आधीच, १० ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारनं टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन सुरू केली होती. नंबर आहे १४४१६. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. सुरुवातीला भाषा निवडायला सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, आणि त्यानंतर लाइनवर येतो तो प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक.